नववा दिवस, देऊळघाटची पुरचुंडी आणि बार्सिलोनाचं कनेक्शन

क्रूझचं तिकीट काढणं सोपं असतं. अवघड असतं ते क्रूझच्या आधीचं आणि नंतरचं विमान. आणि आमच्या बाबतीत सगळ्यात अवघड निघालं ते बुलढाण्याहून चहा निवायच्या आत येणारं देऊळघाट. युरोपला जाणाऱ्यांसाठी नेटवर ढीगभर माहिती पडलेली आहे, पण देऊळघाटमार्गे युरोपला जाणाऱ्यांसाठी कोणी एक ओळ लिहिलेली मला सापडली नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी मंडळींची ओळख करून देते. मी वृंदा, बुलढाण्यात मेडिकल चालवते. एकदा मोबाईलवर अंदमानची तिकिटं काढली, तेव्हापासून सगळे नातेवाईक मला ट्रॅव्हल एजंट समजतात. माझी आत्या आमच्याच गल्लीत एकटी राहते. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. तिची शेती देऊळघाटला, ती तिची धाकटी जाऊ शांताकाकू बघते. आणि आत्याची एकुलती एक मुलगी पल्लवी भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या एका जहाजावर पाव-केकच्या भटारखान्यात काम करते. तिच्या घरच्यांना जहाजावर सवलत मिळते. एक दिवस तिचा मला मेसेज आला, "ताई, आईले घेऊन ये."

मला आला, आईला नाही. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

आत्या एक रीत कडक पाळते. घरून निघालेल्या माणसाने नवव्या दिवशी घरात परत पाय ठेवायचा नाही. आठव्या दिवशी या, दहाव्या दिवशी या, नवव्या दिवशी नाही. तीन वर्षांपूर्वी पल्लवी जहाजाच्या मुलाखतींसाठी मुंबईला गेली, नोकरी मिळवून आनंदाने पेढे घेऊन परत आली आणि नेमकी नवव्या दिवशी आली. आत्याने अर्धं दार उघडून सांगितलं, "आज शांतीकडं झोप देऊळघाटले. सकाळी ये." पल्लवीने पेढे उंबऱ्यावर ठेवले, स्टँडवर जाऊन मुंबईची गाडी धरली आणि तिथून थेट जहाजावर गेली. त्यानंतर ती बुलढाण्यात आलेली नाही. सुट्टी असली की गोव्याला मैत्रिणीकडे राहते. दर रविवारी मायलेकींचा फोन होतो. "जेवली का?" "जेवली." संपला फोन.

तेव्हा या प्रवासात मला युरोप वगैरे नंतर बघायचा होता. या दोघींना एका टेबलाशी बसवायचं होतं, आणि जहाज चुकलं असतं तर तेही चुकलं असतं.

मी कामाला लागले. तुम्ही असा बेत आखत असाल तर माझ्या अनुभवाचं ऐका. जहाज ज्या दिवशी सुटतं त्याच दिवशी पोचणारं विमान घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असो. एक दिवस आधी पोचून हॉटेलात झोपायचं. मुंबई ते बार्सिलोना अख्खा प्रवास एकाच तिकिटावर काढायचा, म्हणजे पहिलं विमान रखडलं तर पुढचं मिळवून द्यायची जबाबदारी विमानवाल्यांची. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर तुमची तुम्ही. मधल्या विमानतळावर वेळ भरपूर ठेवायचा, त्यात सोबत सत्तरीचे गुडघे असतील तर आणखी ठेवायचा. उतरायच्या दिवशी सकाळचं विमान घ्यायचं नाही, जहाज रिकामं व्हायला वेळ लागतो, दुपारनंतरचं घ्यायचं. हे सगळं मी आत्याला कॅलेंडरवर पेनाने गोल करून समजावलं. जहाज चार रात्रींचंच होतं. आत्या बोटांची पेरं मोजत बसली होती.

"नववा येते," ती म्हणाली.

"काय नववा?"

"वापस घरी यायचा दिवस. निघाल्यापासून नववा येते."

मी पुन्हा मोजलं. नववाच येत होता. एक दिवस उशिराचं विमान बघितलं, तर ते दोन ठिकाणी बदलायचं आणि भलतंच महाग. एक दिवस आधी निघावं तर मुंबईचं विमान भरलेलं. परतताना वाटेत एक रात्र झोपू म्हटलं, तर "दुसऱ्याच्या दारी झोपायचं नाव काढू नको आता" म्हणून आत्याने उडवून लावलं.

"जहाजवाल्याले सांगून पाह्य," आत्या म्हणाली. "म्हनावं एक दिवस उशिरा सोड. सवारी हाये म्हटल्यावर थांबते मानूस."

"आत्या, ते काय धाड गावची काळीपिवळी जीप हाये का?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी सरळ म्हटलं, "याच नवव्या दिवसापायी पोरगी गेली तुही. आता तिले भेटाले जाऊन राह्यलो तर तिथंबी तोच आडवा घालतं का?" आत्या चप्पल घालून निघून गेली. मला रात्रभर चुटपुट लागली. पण खोटं काय बोलले होते मी?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती शटरपाशी हजर. "प्रस्थान ठेवू," म्हणाली.

तरुण वाचकांसाठी सांगते. निघायचा मुहूर्त एका दिवशी आणि गाडी दुसऱ्या दिवशी असेल, तर मुहूर्तावर आपल्या सामानातली एखादी पुरचुंडी जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे माणूस निघाला असं धरलं जातं. मग प्रत्यक्षात निघताना ती पुरचुंडी उचलायची. आत्याचा हिशेब असा की प्रस्थान दोन दिवस आधी ठेवलं की मोजणी तिथून सुरू होईल आणि परतीचा दिवस नववा राहणारच नाही. युरोप पश्चिमेला, देऊळघाट बुलढाण्याच्या पश्चिमेला. शांताकाकूचं घर आयतंच होतं.

हजारो रुपयांचं तिकीट बदलण्यापेक्षा मूठभर तांदूळ देऊळघाटला पाठवणं मला परवडण्यासारखं वाटलं. मी मान डोलावली. आत्याने मग आमचे दोघींचे पासपोर्ट मागितले, हळदकुंकू लावायला. "देवापाशी ठेवतो, निघताना देतो." मी दिले. वाचकहो, पासपोर्ट कोणालाही देऊ नका. देवाच्या नावाने मागितले तर मुळीच देऊ नका.

दोन दिवस आधी आत्या देऊळघाटला जाऊन पुरचुंडी ठेवून आली. निघायच्या दिवशी माझा नवरा गजानन गाडी घेऊन आला. मलकापूरहून संध्याकाळची मुंबईची रेल्वे होती. बेत असा की आधी देऊळघाट, पुरचुंडी उचलायची, मग मागे वळून राजूर घाट उतरून मोताळामार्गे मलकापूर. पश्चिमेला जाऊन, पूर्वेला वळून, उत्तरेला उतरून मग परत पश्चिमेला मुंबई. गजानन म्हणाला, "कोलंबसनं एवढा फेरा नसन मारला." त्याला घाई नव्हती, कारण त्याला काही जायचं नव्हतं.

देऊळघाटला शांताकाकूच्या दाराला कुलूप.

शेजारीण मिरच्या खुडत ओट्यावर बसली होती. "शांता रोहिणखेडले गेली ना, भावाच्या नातवाच्या हळदीले. तुमची पुरचुंडी घेऊनच गेली. म्हने, दुसऱ्याचं प्रस्थान कुलपात ठेवत नाईत."

मी म्हटलं, जाऊ दे. मूठभर तांदूळ ते, काकूला फोन करून सांगू, निघालो आम्ही. गजाननने गाडी वळवली. आत्या मागच्या सीटवर अगदी गप्प होती. ती गप्प असली की मला भीती वाटते.

"आत्या, काय झालं?"

"पासपोर्ट त्यातच हायेत."

गजाननने ब्रेक दाबला. मागच्या जीपवाल्याने आमच्या तीन पिढ्या काढल्या.

"काऊन?" मी ओरडलेच. "पासपोर्ट काऊन ठेवले त्याच्यात?"

"ज्याच्याशिवाय जाता येत नाई थेच ठेवायचं अस्ते प्रस्थानात," आत्या शांतपणे म्हणाली. "नुसते तांदूळ ठेवून कोनी निघालं म्हनते का? तूच म्हनली व्हती, पासपोर्टाशिवाय इमानात घेत नाईत म्हनून."

काकूचा फोन लागत नव्हता. म्हणजे लागत होता, पण हळदीच्या घरी डीजे होता.

राजूर घाट एरवी फार देखणा आहे. सागाचं जंगल, वळणावळणावर माकडं, एखाद्या कठड्यापाशी थांबून फोटो काढावा असा. मी डोळे मिटून घेतले होते. मोताळ्याच्या बाजूने रोहिणखेडचा फाटा घेतला, रस्त्यात डांबराला डांबर सापडत नव्हतं. मांडवात पोचलो तर शांताकाकू हळदीने पिवळीधमक होऊन नाचत होती. आम्हाला पाहून तिला इतका आनंद झाला की तिने आधी आम्हा दोघींना हळद लावली.

"पुरचुंडी कुठं हाये?" मी तिच्या कानात ओरडले.

"अवं, इथं नाई ठेवली! हे घर पडते गावाच्या उगवतीले. तुमाले जायचं मावळतीले. मी म्हटलं आपल्या हातून चूक नको. पार मावळतीच्या घरी नेऊन ठेवली, रज्जाकचाचाच्या."

जुन्या मशिदीच्या पलीकडे रज्जाकचाचाचं घर. चाचा अंगणात खाटेवर बसून ट्रान्झिस्टरला थापा मारत होते. आम्ही चौघं, त्यातले तिघं हळद लागलेले, धापा टाकत दारात उभे राहिलो. चाचांनी अजिबात आश्चर्य दाखवलं नाही. आत जाऊन कपाटाची किल्ली घेऊन आले.

"अमानत हाये म्हनून कुलपात ठेवली," ते म्हणाले. "शांताबाई म्हने, मावळतीचं घर पाह्यजे. म्हटलं, बाई, मावळतीकडं तर आमी रोजच तोंड करतो. आमच्यापेक्षा चांगलं घर कुठं भेटन?"

हिरव्या खणाची पुरचुंडी त्यांनी दोन्ही हातांनी आत्याच्या ओंजळीत दिली. सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि मधोमध आमचे दोन पासपोर्ट, कुंकवाने माखलेले. चाचा चहा घेतल्याशिवाय सोडेनात. "लेकीले भेटाले चालल्या ना? मंग उपाशी तोंडानं नाई जायचं." आत्या बसलीच. मी उभ्याने बशीत ओतून चहा प्याले, जीभ भाजली. तांदूळ-सुपारी शांताकाकूकडे राहिली आणि खण घडी करून आत्याने कमरेला खोवला.

"आत्याबाई," गाडीत बसता बसता गजानन म्हणाला, "पुरचुंडी तर देऊळघाटहून पुढं निघून आली. आता मोजायचं कुठून?"

"तोंड मिट अन् गाडी चालव," आत्या म्हणाली.

मलकापूर स्टेशनात आम्ही धावत शिरलो तेव्हा आमची गाडी सुटून जायची वेळ कधीच टळली होती. पण गाडी आलीच नव्हती. उशिरा धावत होती. रेल्वेला इतके मनापासून धन्यवाद मी आयुष्यात दिले नव्हते. तरी तुम्ही या भरवशावर राहू नका. मलकापूर ते मुंबई हे तिकीट विमानाच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं, ते चुकलं तर विमानवाले ओळख दाखवणार नाहीत. म्हणूनच मी मुंबईत जवळजवळ अख्खा दिवस मोकळा ठेवला होता, आणि त्यावर कंजूष गजाननने जे टोमणे मारले होते ते त्याने प्लॅटफॉर्मवर निमूटपणे गिळले.

मुंबई विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या अधिकाऱ्याने कुंकू बोटाने घासून पाहिलं, मग आमच्या कपाळाकडे, मग आमच्या पिवळ्या गालांकडे पाहिलं. "शादी से आ रहे हो?" मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर विमान गेलं असतं. (पासपोर्टला प्लास्टिकचं कव्हर घाला. तीस रुपयांत मिळतं.)

विमानात शिरताना आत्या एकदम पुढे पळाली आणि खिडकीच्या सीटवर रुमाल टाकून मोकळी झाली. ती सीट तिचीच होती, नंबर छापलेला होता, मी दहा वेळा सांगितलं होतं. पण जन्मभर एसटीने हिंडलेल्या बाईला छापलेल्या नंबरावर भरवसा बसत नाही. आखातातल्या विमानतळावर मधे भरपूर वेळ होता. आत्याने बाकावर पदर पसरून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला. शेजारच्या एका परदेशी आजोबांनी ठेचा चाखला आणि त्यानंतर ते बराच वेळ पाण्याच्या नळापाशी उभे होते. आत्याला फार वाईट वाटलं. "नाजूक हाये मानूस," म्हणाली आणि त्यांना गूळ दिला.

बार्सिलोनात आम्ही ठरल्याप्रमाणे जहाजाच्या आदल्या दिवशी पोचलो. हॉटेल बंदराला लागून घेऊ नका, मेट्रोची दोन-तीन स्टेशनं लांब घ्या, बरंच स्वस्त पडतं आणि सकाळी टॅक्सीने सहज जाता येतं. शहर सुंदर आहे म्हणतात. आत्या खिडकीत बसून होती. "पल्लवी इथंच अशीन ना आता कुठंतरी?" एवढंच तिने दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी जहाजात चढलो. आमच्या अख्ख्या गल्लीच्या डोक्यावर दुसरी गल्ली ठेवली तरी ते उंचच होतं. आत कामावरच्या लोकांना प्रवाशांत मनासारखं मिसळता येत नाही, परवानगी लागते. पल्लवीने ती काढली होती. संध्याकाळी आम्ही वरच्या डेकवर बसलो होतो, जहाज हळूच सुटलं होतं, आणि ती आली. पांढरे कपडे, पांढरी टोपी, कोपराला पीठ. आत्या उठून उभी राहिली. तीन वर्षं, रेल्वे, दोन विमानं, रोहिणखेड.

"जेवली का?" आत्या म्हणाली.

"जेवली," पल्लवी म्हणाली.

मला समुद्रात उडी मारावीशी वाटली.

तीन दिवस हेच. पल्लवी कामातून सुटली की येऊन बसायची, आईच्या ताटात स्वतः केलेले गोड पाव ठेवायची. आत्या ते खायची आणि "मीठ कमी हाये" म्हणायची. फ्रान्सच्या मार्सेयला उतरलो, इटलीच्या जिनोव्हाला उतरलो, चर्च पाहिली, लिंबाएवढ्या कपातली कडू कॉफी प्यालो. बंदरं फार छान आहेत. मला आठवतात ती दोन तोंडं, समुद्राकडे बघणारी.

शेवटच्या संध्याकाळी पल्लवीनेच विषय काढला. अगदी सहज आवाजात. "आई, उद्या निघून घरी कितव्या दिवशी पोचता वं?"

मी कॉफीचा कप खाली ठेवला. आत्याने तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. नववा येत होता, मग प्रस्थान, कुलूप, पासपोर्ट, हळद, मावळतीचं घर, रज्जाकचाचा. पल्लवी आधी ओठ दाबून बसली होती. पासपोर्टपाशी तिचा बांध फुटला. हसून हसून ती डेकच्या पायरीवर बसली, टोपी गळून पडली. मीही हसत होते. मग हसता हसताच तिचा आवाज बदलला.

"मंग तवा मायं प्रस्थान काऊन नाई ठेवलं? मले काऊन दारातून वापस लावलं?"

आत्याने कमरेचा खण काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली.

"तवा सुचलं नाई वं," ती म्हणाली. "मले वाटलं तू शांतीकडं गेली. सकाळी दोघींचा चहा ठेवला. शांतीचा फोन आला, म्हने पोरगी आलीच नाई. चहा तसाच ओतून देल्ला. अजून सकाळी चहा ठेवतो तं हात दोन कप पानी घेते."

पल्लवी सरकून आईच्या गुडघ्याला टेकून बसली. आत्याने तिच्या केसांतलं पीठ झटकलं. मी उठून दुसऱ्या टोकाला गेले आणि समुद्राचे फोटो काढले. एकही धड आला नाही, कारण मी रडत होते.

सकाळी उतरायच्या गर्दीत पल्लवी धावत आली. रात्री तिने आईकडून खण मागून घेतला होता. त्यात आता काहीतरी बांधलेलं होतं.

"मायं प्रस्थान," ती म्हणाली. "तांदूळ हायेत. सुपारी इथं भेटत नाई, बदाम टाकला. अन् मायी टोपी. तुहं घर इथून उगवतीलेच पडते ना?"

"पासपोर्ट तं नाई ठेवला?" आत्याने घाबरून विचारलं.

"नाई वं आई."

"मंग ठीक." आत्याने पुरचुंडी पोटाशी धरली. "आता मोजणी हे ठेवल्यापासून. एक डाव नववा सरू दे. मंग कवाबी आली तरी चालते. राती आली तरी चालते."

परतीचं विमान दुपारचं होतं, वेळेवर होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कनेक्शन असंच असावं. आम्ही बुलढाण्यात पोचलो त्या दिवशी आत्या दारात थांबली, पेरं मोजली, समाधानाने मान हलवली आणि मग आत गेली.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. लोक विचारतात, काय पाहिलं. मी फोटो दाखवते. पण माझ्याजवळ राहिलंय ते वेगळंच. पुरचुंडी आत्याच्या घरी फळीवर होती आणि आत्या रोज पेरं मोजत होती. नवव्या दिवशी ती घराबाहेर पडली नाही. दहाव्या दिवशी सकाळी दुकानात आली. रविवार नव्हता.

"फोन लाव," म्हणाली.

मी लावला. पलीकडे मोठ्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती.

"पल्लवे, नववा काल व्हता. गेला," आत्या फोनमध्ये ओरडली, आणि जेवली का हे न विचारताच तिने फोन माझ्या हातात दिला.

रात्री मला मेसेज आला. "ताई, डिसेंबरात सुट्टी भेटली. बार्सिलोना ते मुंबई पाह्य बरं. एकच तिकीट, मधे वेळ भरपूर. मंग रेल्वेनं मलकापूर. गजाननभाऊले म्हना स्टेशनवर या, सरळ घरी जाऊ. देऊळघाट नको."